रक्तांतील बुरशीचा शोध

आषाढ लागला कीं कोंकणांत काय किंवा देशावर काय, घरोघरीं एक अनाहूत पाहुणा येऊन बसतो. पेटींतले कातडी जोडे बाहेर काढावे तर त्यांवर हिरवट-पांढरी लव चढलेली असते; कालच्या उरलेल्या भाकरीवर कापसासारखा थर दिसतो; लोणच्याच्या बरणीचें झांकण सैल राहिलें असेल तर आईच्या कपाळाला आठी पडते; आणि ग्रंथालयांतील जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरविलें तर बोटाला कुबट वासाची धूळ लागते. या पाहुण्याला आपण बुरशी म्हणतों. जोडे उन्हांत टाकले आणि भाकरी फेंकून दिली कीं तो विषय संपला असें आपणांस वाटतें.

परंतु हीच बुरशी मनुष्याच्या रक्तांत शिरली तर? तेथें ऊन दाखवितां येत नाहीं आणि बिघडलेला भाग फेंकूनही देतां येत नाहीं. अशा वेळीं पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं ती तेथें आहे हें ओळखावें कसें? हा प्रश्न साधा दिसला तरी त्याच्या उत्तरावर पुष्कळदां रोग्याचा प्राण अवलंबून असतो. यास्तव या लेखांत रक्तपरीक्षेनें बुरशीचा शोध कसा लावतात याचा विचार करावयाचा आहे.

पवित्र शास्त्रांत लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीवर पडणाऱ्या हिरवट व तांबूस चट्ट्यांविषयीं नियम सांगितलेले आहेत. हे चट्टे म्हणजे एक प्रकारची बुरशीच होय असें अनेक टीकाकारांचें मत आहे. याजकानें चट्टा पाहावा, घर सात दिवस बंद ठेवावें, सातव्या दिवशीं पुन्हां येऊन पाहावें, आणि चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकवावे, अशी ती रीत आहे. एकदां पाहून निकाल द्यावयाचा नाहीं, हें या नियमांतील मर्म विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आजच्या प्रयोगशाळेलाही हाच धडा गिरवावा लागतो, हें पुढें दिसून येईल.

१. शत्रूची ओळख

रोगजंतूंचा इतिहास सांगतांना आपण पाश्चर व कॉख यांचीं नांवें प्रथम घेतों. परंतु त्यांच्याही आधीं, १८३५ सालीं, इटलींतील आगोस्तिनो बास्सी यानें रेशमाच्या किड्यांचा एक घातक रोग सूक्ष्म बुरशीमुळें होतो असें प्रयोगानें दाखवून दिलें होतें. म्हणजे रोग हा सूक्ष्म जीवापासून होतो, या सिद्धांताच्या पहिल्या साक्षीदारांत बुरशीची गणना करावी लागते.

बुरशीचीं स्थूलमानानें दोन रूपें आहेत. एक यीस्टचें, यांत सुट्या, वाटोळ्या पेशी असतात. पाव फुगविणारें यीस्ट याच वर्गांतलें, आणि रोग्याच्या रक्तांत सांपडणारी कँडिडा ही त्याचीच दूरची आप्त होय. दुसरें रूप तंतूंचें. भाकरीवर दिसणारा कापूस म्हणजे असे असंख्य तंतू होत. ॲस्पर्जिलस ही या वर्गांतील प्रमुख बुरशी. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यानें १७२९ सालीं ती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली, तेव्हां तिचा आकार त्याला मंदिरांत पवित्र पाणी शिंपडण्याच्या कुंचल्यासारखा वाटला, आणि त्या कुंचल्याच्या लॅटिन नांवावरून त्यानें तिचें नांव ठेवलें.

बुरशीचे बीजाणु हवेंत सर्वत्र असतात आणि आपण दररोज ते श्वासाबरोबर आंत घेतों. तरीही आपण आजारी पडत नाहीं. याचें एक कारण असें कीं बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ऊब सोसत नाहीं. आणि दुसरें कारण आपल्या रक्तांतील श्वेतपेशी. त्या आंत आलेल्या बीजाणूंचा तत्काळ फडशा पाडतात. परंतु हे पहारेकरी दुबळे झाले म्हणजे दार उघडतें. रक्ताचा कर्करोग झालेले रोगी, दुसऱ्याचें मूत्रपिंड किंवा यकृत बसविलेले रोगी, एच. आय. व्ही.नें ज्यांची प्रतिकारशक्ति खचली आहे असे लोक, ज्यांचा मधुमेह आवरलेला नाहीं असे लोक, आणि अतिदक्षता विभागांत शिरेंत नळी घालून अनेक दिवस पडलेले रोगी, यांना मुख्यतः हें भय असतें.

येथें पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. गजकर्ण, नायटा, शिबें हे त्वचेचे विकार बुरशीमुळेंच होतात; परंतु ते रक्तांत शिरत नाहींत आणि त्यांसाठीं रक्तपरीक्षेची गरज नसते. त्वचेचा किंचित् खरवडा काढून तो क्षाराच्या द्रवांत भिजवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला कीं काम होतें. मात्र दुकानांतून स्वतःच्या मनानें मलम आणून लावूं नये. त्यांतील कित्येकांत स्टिरॉइड हें द्रव्य मिसळलेलें असतें. त्यानें खाज चार दिवस थांबते, पण बुरशी मात्र निर्धास्तपणें पसरते.

२. रक्त पेरून पाहणें

आतां एक प्रसंग डोळ्यांपुढें आणूं. समजा, रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेला एक मुलगा रुग्णालयांत आहे. औषधांमुळें त्याच्या श्वेतपेशी जवळजवळ नाहींशा झाल्या आहेत. त्याला ताप येतो. जीवाणूंवरील औषधें देऊन पांच दिवस होतात, तरी ताप उतरत नाहीं. हा ताप बुरशीचा असेल काय? असेल आणि औषध दिलें नाहीं, तर मुलगा हातचा जाईल. नसेल आणि ॲम्फोटेरिसिनसारखें उग्र औषध दिलें, तर त्याच्या मूत्रपिंडांस व्यर्थ इजा होईल. आई दाराशीं उभी आहे. डॉक्टरांनीं काय करावें?

सर्वांत जुनी रीत म्हणजे रक्तसंवर्धन. शेतकरी बियाणें चांगलें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून ठेवतो, तद्वत् रोग्याचें रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलींत घालून उबेंत ठेवतात. त्यांत जिवंत जंतु असतील तर ते वाढतात, कार्बन डायऑक्साइड वायु सोडतात, आणि यंत्र तो वायु ओळखून इशारा देतें. या रीतीचा मोठा गुण हा कीं गुन्हेगार प्रत्यक्ष हातीं लागतो. त्याची जात ओळखतां येते आणि कोणतें औषध त्याला मारतें हेंही पाहतां येतें.

जात ओळखण्याची एक जुनी परीक्षा मोठी मनोरंजक आहे. वाढलेल्या यीस्टचा कण मनुष्याच्या रक्तजलांत, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या निवळ द्रवांत, कालवून ३७ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत दोन-तीन तास ठेवतात. ती कँडिडा आल्बिकन्स असेल तर मुगाला मोड यावा त्याप्रमाणें पेशीला एक बारीक अंकुर फुटतो. पैशाचाही खर्च नाहीं, आणि साध्या सूक्ष्मदर्शकानें काम होतें.

परंतु सर्वच जाती अशा भोळ्या नाहींत. २००९ सालीं जपानांत एका रोग्याच्या कानांत एक नवी कँडिडा सांपडली. लॅटिन भाषेंत कानाला जो शब्द आहे त्यावरून तिला कँडिडा ऑरिस हें नांव मिळालें. पुढें ती भारतांतील रुग्णालयांसह जगांत अनेक ठिकाणीं आढळली. ती कित्येक औषधांना दाद देत नाहीं, आणि प्रारंभीं नेहमींचीं यंत्रें तिला भलत्याच नांवानें ओळखीत असत. नांव चुकलें कीं औषध चुकतें, आणि औषध चुकलें कीं रोगी दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं घातक बुरशींची जी यादी प्रसिद्ध केली, तींतील १९ नांवांपैकीं ज्या चारांना सर्वांत वरचा वर्ग दिला त्यांत ही एक आहे.

रक्तसंवर्धनाचे दोष दोन. पहिला विलंबाचा, कँडिडा वाढण्यास बहुधा एक ते तीन दिवस, कधीं त्याहून अधिक लागतात. दुसरा दोष अधिक गंभीर. शरीरांत खोलवर कँडिडा रुजलेली असतांही सुमारें निम्म्या रोग्यांत बाटली कोरीच राहते, आणि ॲस्पर्जिलस तर फुप्फुसांत धुमाकूळ घालीत असतांही रक्ताच्या बाटलींत जवळजवळ कधींच उगवत नाहीं. यास्तव शास्त्रज्ञांनीं निराळा विचार केला. चोर सांपडत नसेल तर त्याच्या पावलांचे ठसे शोधावे.

३. निळ्या रक्ताची साक्ष

बहुतेक बुरशींच्या पेशींभोंवतीं एक कणखर कवच असतें. त्या कवचांत बीटा-ग्लुकन नांवाची, साखरेच्या कणांची लांब सांखळी असते. मनुष्याचें शरीर हें द्रव्य तयार करीत नाहीं. तेव्हां रक्तांत तें सांपडलें तर कोठें तरी बुरशी वाढत असावी असा तर्क करतां येतो. प्रश्न एवढाच कीं इतकें सूक्ष्म द्रव्य ओळखावें कोणी?

याचें उत्तर समुद्रकिनाऱ्यावर मिळालें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराचें कवच असलेला एक प्राणी राहतो. त्याला नालखेंकडा म्हणूं. वस्तुतः तो खेंकड्यांपेक्षां विंचू व कोळी यांचा जवळचा आप्त आहे. त्याचें कूळ चाळीस कोटी वर्षांहून जुनें. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहण्याचें काम लोहयुक्त द्रव्य करतें म्हणून तें तांबडें. याच्या रक्तांत तें काम ताम्रयुक्त द्रव्य करतें म्हणून तें निळें दिसतें. याच्या भाईबंदांच्या दोन जाती आपल्या देशांत ओडिशा व बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांना अभय दिलेलें आहे.

फ्रेडरिक बँग या शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील वुड्स होल येथें या प्राण्याला जीवाणु टोंचून पाहिले, तेव्हां त्याचें रक्त गोठून घट्ट झालें. ही गोष्ट त्यानें १९५६ सालीं प्रसिद्ध केली. पुढें जॅक लेव्हिन याच्या साह्यानें या रक्तपेशींतील गोठविणारें द्रव्य परीक्षानळींत वापरण्याची युक्ति निघाली, आणि टोंचण्याचीं औषधें जीवाणूंच्या विषापासून शुद्ध आहेत कीं नाहींत हें त्यानें तपासूं लागले. १९८१ सालीं जपानी शास्त्रज्ञांना आढळलें कीं जीवाणूंचें विष मुळींच नसतांही बीटा-ग्लुकननें हें द्रव्य गोठतें. त्याची गोठण्याची वाट वेगळीच आहे. मग जीवाणूंकडे जाणारी वाट बंद करून केवळ ग्लुकनची वाट मोकळी ठेवली, आणि बुरशीची परीक्षा सिद्ध झाली. अमेरिकेंत २००४ सालीं तिला सरकारी मान्यता मिळाली.

कृति अशी. रोग्याच्या रक्तजलाचा थेंब प्रथम क्षारयुक्त द्रवांत सुमारें १० मिनिटें ठेवतात; त्यायोगें परीक्षेला अडथळा करणारीं प्रथिनें निकामी होतात. मग नालखेंकड्याच्या पेशींचें द्रव्य घालून ३७ अंशांवर ४० मिनिटें यंत्रांत ठेवतात. ग्लुकन असेल तर एका द्रव्यानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास जागें करावें अशी सांखळी चालू होते आणि शेवटीं पिवळा रंग उत्पन्न होतो. रंग जितका वेगानें चढेल तितकें ग्लुकन अधिक.

या परीक्षेची सूक्ष्मता पाहण्यासारखी आहे. एका मिलिलिटर रक्तजलांत ८० पिकोग्रॅम ग्लुकन असलें तर परीक्षा होकारार्थी धरतात. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लक्ष कोटी भाग केले असतां त्यांतील एक भाग. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व १० मीटर खोल असा हौद पाण्यानें भरून त्यांत केवळ एक ग्रॅम ग्लुकन विरघळविलें, तर बरोबर एवढें प्रमाण होतें.

परंतु अति तीक्ष्ण नाकाला भलतेच वासही येतात. शस्त्रक्रियेंत वापरलेली कापसाची जाळी, रक्त शुद्ध करण्याच्या यंत्रांतील कांहीं पडदे, शिरेंतून दिलेलीं कांहीं प्रथिनें, यांतूनही ग्लुकन रक्तांत उतरतें आणि बुरशी नसतां परीक्षा होकार देते. शिवाय ग्लुकन अनेक बुरशींत असल्यामुळें परीक्षा होकारार्थी आली तरी बुरशी कोणती हें ती सांगत नाहीं. तिचा खरा उपयोग नकारांत आहे. परीक्षा पुन्हां पुन्हां नकारार्थी येत राहिली, तर कँडिडा नसावी असें डॉक्टरांस बऱ्याच विश्वासानें म्हणतां येतें आणि उग्र औषध थांबवितां येतें.

४. ॲस्पर्जिलसची साखर

ॲस्पर्जिलस वाढूं लागली म्हणजे तिच्या तंतूंतून गॅलॅक्टोमॅनन नांवाची दुसरी शर्करा रक्तांत झिरपते. ती धरण्यासाठीं प्रतिद्रव्यांचा उपयोग करतात. प्रतिद्रव्य म्हणजे एकाच किल्लीला लागणारें कुलूप. लहानशा वाटीच्या तळाला हीं कुलपें चिकटविलेलीं असतात. रक्तजल घातलें कीं गॅलॅक्टोमॅनन त्यांत अडकतें; मग वरून रंग उत्पन्न करणारें दुसरें प्रतिद्रव्य येऊन त्याला बिलगतें. दोन भाकऱ्यांमध्यें भाजी दाबावी तसा हा प्रकार. रंगाच्या गडदपणावरून एक अंक काढतात, आणि तो ०.५ किंवा अधिक असेल तर संशय बळावतो. ही परीक्षा अमेरिकेंत २००३ सालीं मान्य झाली.

आपल्या कथेंतील मुलासारख्या, श्वेतपेशी लोपलेल्या रोग्यांस ही परीक्षा विशेष उपयोगी पडते, आणि ती आठवड्यांतून दोनदां करण्याचा प्रघात आहे. येथें लेवीयांतील याजकाची आठवण होते. पाहावें, थांबावें, पुन्हां पाहावें. परंतु ज्यांच्या श्वेतपेशी शाबूत आहेत त्यांच्या रक्तांतून ही शर्करा लवकर नाहींशी होते, म्हणून रोग असतांही परीक्षा कोरी येऊं शकते. अशा वेळीं फुप्फुसांत द्रव सोडून तो परत काढून घेतात आणि त्यावर हीच परीक्षा करतात.

हिच्यांतही एक गंमतीचा दोष निघाला. पेनिसिलिनच्या कुळांतील पिपरॅसिलिन नांवाचें औषध चालू असलेल्या कित्येक रोग्यांत परीक्षा विनाकारण होकारार्थी येऊं लागली. कारण उघड होतें. पेनिसिलिन स्वतःच बुरशीपासून निघतें, आणि औषधाबरोबर बुरशीच्या शर्करेचा अंश रक्तांत जात होता. पुढें औषध बनविण्याची रीत सुधारल्यावर हा घोटाळा पुष्कळ कमी झाला.

५. दहा मिनिटांची पट्टी

कबुतरांच्या विष्ठेंत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही यीस्ट मेंदूच्या आवरणास सूज आणते. एच. आय. व्ही.नें दुबळ्या झालेल्या रोग्यांचा ती काळ आहे. पूर्वी पाठीच्या कण्यांतील द्रव काढून त्यांत काळी शाई मिसळीत. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशीभोंवतीं चंद्राच्या खळ्यासारखें पांढरें वलय दिसे. तें वलय म्हणजे तिचें जाड आवरण. याच आवरणाचे कण रक्तांतही उतरतात, आणि तेही रोगाचीं लक्षणें दिसण्यापूर्वीं कित्येक आठवडे आधीं.

हे कण ओळखणारी कागदी पट्टी २०११ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. करोनाच्या सांथींत जी झटपट परीक्षेची पट्टी आपण पाहिली, तिचीच ही बहीण होय. पट्टीचें टोंक थेंबभर रक्तजलांत बुडविलें कीं द्रव टिपकागदांत चढावा तसा वर चढतो, आणि १० मिनिटांत एक रेघ उमटली तर रोग नाहीं, दोन उमटल्या तर आहे. वीज नको, मोठें यंत्र नको.

अशा परीक्षेचें मोल किती? टांझानिया व झांबिया या आफ्रिकी देशांत सुमारें दोन हजार दुर्बळ एच. आय. व्ही. रोग्यांवर एक प्रयोग झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमींचे उपचार दिले. उरलेल्यांची त्याशिवाय या पट्टीनें परीक्षा केली, आणि शिकविलेले साधे गृहस्थ प्रारंभींचे कांहीं आठवडे त्यांच्या घरीं जाऊन औषध वेळेवर घेतात कीं नाहीं याची विचारपूस करीत राहिले. वर्षाअखेर पहिल्या वर्गांत शेंकडा १८ रोगी मरण पावले होते, दुसऱ्यांत शेंकडा १३. यांत पट्टीचें श्रेय किती आणि दारांत येऊन विचारपूस करणाऱ्या मनुष्याचें किती, हें वेगळें करून सांगतां येत नाहीं. कदाचित् तें वेगळें करूंही नये.

६. शरीराची स्वतःची साक्ष

आतांपर्यंत आपण बुरशीचे ठसे शोधले. दुसरा मार्ग असा कीं शरीरानें तिच्याविरुद्ध तयार केलेलीं प्रतिद्रव्यें शोधावीं. परंतु ज्याचें सैन्यच नष्ट झालें आहे तो रोगी प्रतिद्रव्यें कोठून तयार करणार? म्हणून तीव्र रोगांत हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाहीं. जेथें रोग वर्षानुवर्षें हळूहळू चालतो तेथें मात्र तो उत्तम.

आपल्या देशाला जवळचें उदाहरण क्षयाचें आहे. क्षय बरा झाल्यावर फुप्फुसांत कधीं कधीं पोकळी राहते, आणि पडक्या घरांत वटवाघुळें शिरावीं तशी त्या पोकळींत ॲस्पर्जिलस बिऱ्हाड करते. रोग्याला पुन्हां खोकला, थुंकींतून रक्त, वजनांत घट. घरचे म्हणतात, क्षय उलटला. थुंकींत क्षयाचे जंतु सांपडत नाहींत, तरी पुन्हां क्षयाचीं औषधें सुरू होतात आणि महिने व्यर्थ जातात. अशा रोग्याच्या रक्तांत ॲस्पर्जिलसविरुद्ध असलेलीं प्रतिद्रव्यें मोजलीं, आणि छातीचें चित्र त्याच्याशीं ताडून पाहिलें, तर खरा रोग उघडा पडतो.

७. जेथें रक्त मौन धरतें

२०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत महाराष्ट्र व गुजरात यांसह देशभर एका नव्या नांवानें लोकांचा थरकांप उडविला. तें नांव ‘काळी बुरशी’, शास्त्रीय भाषेंत म्यूकरमायकोसिस. मधुमेह वाढलेला, त्यांत स्टिरॉइड दिलेलें, अशा कित्येक रोग्यांच्या नाकांत, जबड्यांत, डोळ्यांत ही बुरशी शिरली. मे महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांना ती नोंदणीय रोग ठरविण्यास सांगितलें. वस्तुतः ही बुरशी काळी नसते. तिनें रक्तवाहिन्या बुजविल्यामुळें मेलेलें मांस काळें पडतें.

आतां लक्ष द्या. या बुरशीच्या कवचांत बीटा-ग्लुकन अत्यल्प, आणि गॅलॅक्टोमॅनन तर नाहींच. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही परीक्षा करून दोन्ही कोऱ्या आल्या, तरी रोगी मरणाच्या दारीं असूं शकतो. येथें नाकांतील मांसाचा तुकडा काढून क्षारांत भिजवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. रुंद फितीसारखे तंतू दिसले कीं घटका न दवडतां शस्त्रक्रिया आणि औषध. रक्तजलांतील बुरशीचा वंशद्रव्यांश वाढवून ओळखण्याची पी. सी. आर. ही नवी रीत या कामीं आशा दाखवीत आहे, पण डोळ्याखालची सूज पाहून धांवत डॉक्टरकडे जाणाऱ्या घरच्या माणसाची जागा तिनें घेतलेली नाहीं.

८. अहवाल कसा वाचावा

कोणी म्हणेल, परीक्षा इतक्या आहेत तर सर्वांच्याच कां करूं नयेत? याचें उत्तर अंकगणितांत आहे. समजा, एक परीक्षा १० रोग्यांपैकीं ८ ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकीं १० जणांना चुकून रोगी ठरविते. हजार लोकांत रोगी १० च असतील, तर ८ खरे रोगी आणि ९९ निरोगी, मिळून १०७ जण रोगी ठरतील. शंभर कुटुंबांची झोप उडेल. तीच परीक्षा ज्यांत ३० रोगी असण्याचा संभव आहे अशा १०० दुर्बळ रोग्यांत केली, तर ३१ जण होकारार्थी येतील आणि त्यांतील २४ खरे असतील. परीक्षा तीच, हात तोच. पण प्रश्न योग्य माणसाला विचारल्यामुळें उत्तर खरें झालें. म्हणून डॉक्टर अमुक परीक्षा नको म्हणाले तर पालकांनीं ती कंजुषी समजूं नये, आणि पुन्हां रक्त मागितलें तर तो छळ समजूं नये.

आपल्या कथेंतील मुलाकडे परत वळूं. त्याच्या रक्ताची बाटली कोरी राहिली. परंतु गॅलॅक्टोमॅननचा अंक आधीं अल्प होता तो चार दिवसांनीं चढलेला दिसला, आणि छातीच्या चित्रांत नवी गांठ आढळली. तीन साक्षी एकत्र आल्या. आतां डॉक्टरांना औषधाची दिशा मिळाली. असे मुलगे सर्वच वांचतात असें नाहीं. परंतु दिशा लवकर मिळाली तर कित्येक वांचतात. त्या कांहीं दिवसांसाठींच हा सगळा खटाटोप.

विद्यार्थिमित्रहो, रेशमाच्या किड्याकडे टक लावून बसणारा बास्सी, नालखेंकड्याचें रक्त कां गोठलें हें विचारणारा बँग, आणि झांबियांत दारोदार फिरणारे निनांवी गृहस्थ, हे सर्व एकाच मालेचे मणी होत. क्षुद्र म्हणून आपण ज्याकडे पाठ फिरवितों, त्यांतही प्रभूनें कोणा दुखणाईताचें औषध ठेवलेलें असूं शकतें. यंदाच्या पावसांत भाकरीवरची बुरशी फेंकण्यापूर्वीं ती भिंगाखालीं एकदां पाहा. मग हात मात्र स्वच्छ धुवा.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) ८० पिकोग्रॅमऐवजीं २० पिकोग्रॅम हें प्रमाण धरलें, तर एक ग्रॅम ग्लुकन विरघळविण्यास किती घनमीटर पाण्याचा हौद लागेल?

(२) कर्करोगाच्या रोग्यांत बुरशीची शर्करा शोधतात, आणि जुन्या क्षयरोग्यांत प्रतिद्रव्यें शोधतात. असें कां?

(३) रक्ताचा अहवाल कोरा आला, तरी रोग नाहींच असें कां म्हणतां येत नाहीं? दोन उदाहरणें द्या.

(४) नालखेंकड्यासारख्या प्राण्याचें मनुष्यावर जें ऋण आहे तें आपण कसें फेडावें, यावर दहा ओळी लिहा.